मस, लोणु, हकुरु : मिनिकॉयमधले पाच दिवस

बाबांनी तीन वर्षांपूर्वी दर्यावर जाणं सोडलं. गुडघे गेले, रापणीतला (किनाऱ्यावरून ओढतात त्या जाळ्यातला) वाटा काकाकडे दिला आणि तेव्हापासून मालवणच्या घरात पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वाऱ्याचा अंदाज सांगणं एवढंच काम उरलं. ट्रिपला कुठे जायचं विचारलं की एकच उत्तर, "मिनिकॉय". लहानपणापासून ऐकत आलेय मी लक्षद्वीपातल्या ह्या बेटाचं नाव. बाबा तरुणपणी काही वर्षं मुंबईत गोदीत होते तेव्हा तिथे एक मिनिकॉयचा खलाशी त्यांच्या ओळखीचा झाला होता आणि त्याने सांगितलं होतं की आमच्याकडे कुपा, म्हणजे टूना, गळाने पकडतात, एकेक, आणि दिवसाला शेकड्याने. बाबांनी तेव्हा त्याला फेकाड्यात काढलं होतं, पण ते डोक्यातून काही गेलं नाही, चाळीस वर्षं नाही गेलं. मग ह्या फेब्रुवारीत म्हटलं चला, एकदाचं बघूनच येऊ.

आधी परमिटचं सांगते कारण त्यात आमचा दीड महिना गेला. लक्षद्वीपला आपण भारतीय असलो तरी परवानगी लागते, पोलीस क्लिअरन्स, फोटो, फॉर्म सगळं. आणि मिनिकॉयला विमान नाही. अख्ख्या लक्षद्वीपात धावपट्टी एकच, अगात्तीला, आणि मिनिकॉय तिथून खूप खाली आहे, म्हणजे कोचीहून जहाजच. आम्ही राहण्या-जेवणासकट पॅकेज घेतलं.

दिवस १ : कोची आणि जहाज

मडगावहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेसने एर्नाकुलम. बाबांचा पहिला जोक गाडीतच झाला, "गाडयेच्या नावात लक्षद्वीप आसा तर थंयसर जायत नाय कित्याक?" हा जोक त्यांनी पुढे टीसीला, समोरच्या सीटवरच्या कुटुंबाला आणि कोचीच्या रिक्षावाल्याला पण सांगितला, रिक्षावाल्याला मराठी येत नव्हतं तरी.

विलिंग्डन आयलंडवर लक्षद्वीपच्या जहाजांचा धक्का आहे. तिथे सामान स्कॅन होतं, परमिट बघतात, आणि मग लाईन. आमच्या जहाजावर टुरिस्ट मूठभर, बाकी सगळे बेटावरचे लोक, कोचीला दवाखान्यात आलेले, कॉलेजची पोरं, एका माणसाकडे वॉशिंग मशीन, एकीकडे कोंबड्यांची पाटी, कांद्याची पोती तर विचारूच नका. बेटावर नारळ आणि मासे सोडून जवळपास सगळंच ह्या जहाजाने जातं हे तेव्हा कळलं. एस्टीच्या टपावर जसं अख्खं गाव चढतं ना, तसंच, फक्त एस्टी सात मजली.

रात्री डेकवर गेलो तर सगळीकडे काळं. मला थोडं गरगरत होतं, लिंबू चोखत बसले होते. बाबा कठड्याला टेकून उभे, एकदम खूश, तीन वर्षांत पहिल्यांदा पायाखाली पाणी.

दिवस २ : पोचलो

कोचीपासून ३९८ किलोमीटर. सकाळी उठून बघते तर समोर नारळांची एक लांब हिरवी रेघ आणि तिच्या एका टोकाला पांढरा दीपस्तंभ, बाकी काही नाही. जहाज रीफच्या, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याच्या, बाहेर थांबलं आणि आम्हाला छोट्या बोटीत उतरवलं. ही उतरायची भानगड जरा भीतीदायक आहे. बोट वरखाली होते, दोन माणसं तुमचे दंड धरतात आणि बोट वर आली की "जंप" म्हणतात. मी देवाचं नाव घेतलं. बाबांनी कोणाचा हात धरला नाही, गुडघे वगैरे सगळं विसरून असे उतरले की बोटीवरचा माणूस हसला आणि त्याने त्यांना मल्याळममध्ये काहीतरी विचारलं. बाबांनी मालवणीत उत्तर दिलं. दोघांचं काम झालं.

रीफच्या फटीतून बोट आत शिरली आणि पाण्याचा रंग बदलला. मी ह्या रंगावर लिहिणार नाही, सगळ्यांनी फोटो बघितलेत. फक्त बाबांचं वाक्य देते, "ह्या पाणी नाय गो, ह्यो आरसो." खाली बोटीची सावली वाळूवरून आमच्याबरोबर चालत होती.

थोडं भूगोल. मिनिकॉय लक्षद्वीपचं सगळ्यात दक्षिणेचं बेट. जवळचं शेजारी बेट कल्पेनी, ते पण २०० किलोमीटर उत्तरेला. मधे नाईन डिग्री चॅनेल, म्हणजे मोकळ्या समुद्राचा पट्टा. उलट खाली मालदीव त्यापेक्षा जवळ, मधे फक्त एट डिग्री चॅनेल. त्यामुळे बाकी लक्षद्वीप मल्याळमच्या जवळचं बोलतं आणि मिनिकॉय बोलतं महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीचीच बहीण. बेटाला ते लोक मलिकू म्हणतात. आकार केळ्यासारखा, लांबी दहा किलोमीटरच्या आसपास, क्षेत्रफळ ४.८ चौरस किमी, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०,४४७. म्हणजे वस्तीच्या भागात गर्दी आहे बरं का, "निर्जन बेट" असलं काही डोक्यात घेऊन जाऊ नका.

आमची खोली लगूनच्या, म्हणजे रीफच्या आतल्या शांत पाण्याच्या, काठाला, गावांपासून लांब. जेवणात भात, कुप्याची आमटी, तळलेला कुपा आणि कुप्याचं सुकं. (पुढचे पाच दिवस हाच मेनू, क्रम बदलून.) दारू नाही, अख्ख्या लक्षद्वीपात बंदी आहे, बंगाराम सोडून. आमच्याबरोबरच्या टुरिस्टांपैकी दोघांना हे इथे येऊन कळलं आणि त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

संध्याकाळी धक्क्यावर बसलो होतो. शेजारी पाचसहा पोरं गोट्यांसारखं काहीतरी खेळत होती, शिंपल्यांनी, आणि एक मोठ्याने मोजत होता. माझं लक्ष नव्हतं. बाबांनी कोपर मारलं, "ऐक". माझ्या कानाला आलं ते असं : एके, दे, तिने, हतरे, फहे, हये, हते...

एक, दोन, तीन. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आजूबाजूला तमिळ, मल्याळम, आणि समुद्रात चारशे किलोमीटर आत येऊन पोरगा तीनला तीनच म्हणतोय.

दिवस ३ : गावं

बेटावर गावं अकरा. एकाला एक चिकटून, परक्याला कुठे एक संपलं आणि दुसरं लागलं कळत नाही, पण त्यांना इंच इंच माहीत. बडा, औमागू, फुन्हिलोल, कुदेही अशी नावं. आमचा गाईड पोरगा कॉलेजला कोचीला होता, हिंदी बऱ्यापैकी, त्याने सायकली आणून दिल्या. बाबांना सायकलवर बघून मला लहानपणीचे दिवस आठवले, ते मला पुढे दांड्यावर बसवून बंदरावर न्यायचे.

प्रत्येक गावाचं स्वतःचं एक घर असतं, म्हणजे समाजमंदिर समजा, आणि गावाचा एक मुख्य निवडतात, त्याला म्हणतात बोडुकाका. बोडु म्हणजे मोठा. बाबा म्हणाले म्हणजे आपले थोरले काका. बायकांची मुख्य वेगळी, आणि गाईडच्या म्हणण्याप्रमाणे गावचं खरं काम तीच करून घेते. साफसफाई, लग्नाचं जेवण, होडी ओढायला माणसं जमवणं, सगळं गावाच्या हुकमाने होतं, नाही गेलं तर दंड. रस्ते खरंच स्वच्छ होते, मी मुद्दाम बघत होते. प्लास्टिक मात्र पूर्वेच्या किनाऱ्यावर लागतं, बाहेरच्या समुद्रातून वाहून आलेलं, त्याला कोण दंड करणार.

घरं आईच्या नावाने चालतात. मूल आईच्या घराचं नाव लावतं, लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी येतो. त्यातलं एक कारण अगदी व्यवहारी वाटलं, इथले पुरुष पिढ्यानपिढ्या जहाजांवर खलाशी, महिनोन् महिने घराबाहेर, मग घर कोण बघणार? आम्ही ज्या घरात चहाला गेलो तिथली आजी गडद रंगाचा लांब झगा, डोक्याला कापड, आणि भिंतीवर नवऱ्याचा फोटो युनिफॉर्ममध्ये, मागे कुठलंतरी बर्फाळ बंदर. तिने बाबांना विचारलं (गाईडमार्फत) की तुम्ही कुठल्या कंपनीच्या जहाजावर होता. म्हणजे पुरुष आहे आणि समुद्राकाठचा आहे तर जहाजावर असणारच. बाबा म्हणाले, "माझी जहाज दोन फळयांची". हे भाषांतर करायला गाईडला वेळ लागला पण आजी हसली.

आणि मग तो शब्दांचा खेळ सुरू झाला जो शेवटपर्यंत चालू राहिला. ताटलीत सुकवलेला मासा आला. आजी म्हणाली "मस". बाबा म्हणाले "मासो". मस, मासो. मस म्हणजे मासाच. मिठाला? लोणु. आपलं लोण, लवण. गुळाला? हकुरु. इथे आम्ही अडलो. चहा संपेपर्यंत बाबा गप्प, मग एकदम, "साखर गो! स चो ह केलानी हेंनी." आणि खरंच, सात म्हणजे हत, सहा म्हणजे ह, साखर म्हणजे हकुरु. सौराष्ट्रातले लोक नाही का स चा ह करतात, तसंच. प चा फ. पाच म्हणजे फस. पाणी म्हणजे फेन. दुधाला किरु, आपलं क्षीर. घराला गे. मी मराठीची विद्यार्थिनी नाही, मी अकाउंट्स बघते, पण दिवेही आणि महल ह्या भाषा मराठी, कोकणी, सिंहलीच्याच कुळातल्या आहेत हे कुठेतरी वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि परक्याच्या घरात बसून मिठाचं नाव ओळखीचं निघणं वेगळं.

लिहितात मात्र उजवीकडून डावीकडे, ताना लिपीत. त्यातली पहिली नऊ अक्षरं म्हणे अरबी आकडे १ ते ९ वरून घेतलेली आहेत. गाईडने वहीत माझं नाव लिहून दिलं. त्यालाच दोन अक्षरं आठवेनात, मग आजीने पेन हिसकावून घेतलं.

दुपारी जहाधोनी बघितली. प्रत्येक गावाची एक लांबलचक रंगवलेली शर्यतीची होडी, शेडमध्ये झाकून ठेवलेली, नव्या नवरीसारखी. बाबांनी तिच्या पोटाखाली वाकून सांधे बघितले, बोटाने चाचपले. शेडची किल्ली ठेवणाऱ्या म्हाताऱ्याने काही न बोलता टॉर्च आणून दिला. पंधरा मिनिटं दोघं होडीखाली होते.

दिवस ४ : कुपा

हा दिवस ज्याच्यासाठी आलो तो. टुरिस्टांना मासेमारीच्या बोटीवर नेणं हे काही ठरलेलं नाही, गाईडच्या मामाची बोट होती, वर रीतसर विचारून कागद करून घेतला, तेव्हा जमलं. पहाटे साडेचारला किनाऱ्यावर.

मला वाटलेलं थेट समुद्रात जाणार. नाही. आधी दोन तास लगूनमध्येच चारा पकडणं. चारा म्हणजे बोटाएवढे चांदीसारखे मासे, आणि ते जिवंत पाहिजेत. चार काठ्यांना बांधलेलं चौकोनी जाळं पाण्यात तळाशी सोडतात, वर कुप्याचा कुस्करलेला लगदा टाकतात, पिल्लं गोळा झाली की एकदम उचलायचं. दोनजण गॉगल लावून पाण्यात, हाताने माशांना जाळ्याकडे हाकलत, गुरं हाकलतात तसे. पहिल्या दोन उचलीत काही नाही. तिसऱ्यात मूठभर. बाबा अस्वस्थ. गाईड म्हणाला चारा नाही मिळाला तर बोट परत जाते, बाहेर कुपा कितीही असो. कधी कधी आठवडाभर असं होतं. पाचव्या उचलीला जाळं चमचमायला लागलं.

आता ही बोट. हिच्या पोटात एक टाकी आहे आणि टाकीच्या तळाला बोटीच्या बुडातूनच भोकं आहेत. हो, मुद्दाम पाडलेली भोकं. समुद्राचं पाणी खालून आत येतं, फिरतं आणि चारा जिवंत राहतो. बाबांनी आयुष्यभर बोटीत पाणी येऊ नये म्हणून जीव काढला, ते हे बघून दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग गुडघ्यावर बसून भोकांचे बूच बघितले, कसे लावतात, कधी काढतात. मी कॉलेज पास झाले तेव्हा पण त्यांचा चेहरा इतका कौतुकाचा नव्हता.

रीफच्या बाहेर पडलो आणि मग नुसतं बघणं. सगळे आकाशाकडे. पक्षी कुठे घिरट्या घालतायत ते शोधायचं, पक्षी खाली झेपावतायत तिथे छोटे मासे वर आलेत, छोटे वर आलेत म्हणजे खालून कुपा लागलाय. आपल्याकडे पण हे आहेच, पण आता आपल्याकडे आधी मोबाईलवर बघतात, मग फिशफाइंडर, पक्षी बिचारे शेवटी. दीड तास काही नाही. मला ऊन लागलं, मळमळायला लागलं, मी एका कोपऱ्यात आडवी. आणि मग कोणीतरी ओरडलं.

पुढची दहा मिनिटं मी नीट सांगू शकेन असं वाटत नाही पण प्रयत्न करते. बोट वळली, एक माणूस टाकीतून चारा काढून मुठीमुठीने पाण्यात फेकायला लागला, बाजूने पाण्याचे फवारे सुरू झाले, म्हणजे पाण्यावर अशी थरथर होते की कुप्याला वाटावं लहान माशांचा थवाच्या थवा वर आलाय, आणि मागच्या फळीवर सात-आठ जण ओळीने उभे, प्रत्येकाच्या हातात बांबूची काठी, दोरी, गळ. गळाला काटा नाही. म्हणजे उलटा काटा नाही, साधा वाकडा चकचकीत हूक. गळ पाण्याला लागला की मासा लागलाच, काठी उचलली की मासा डोक्यावरून मागे उडून येतो, दोरी सैल झाली की आपोआप सुटून फळीवर धाड्, आणि गळ परत पाण्यात. हात लावायचा नाही. धाड्, धाड्, धाड्. माझ्या डोक्यावरून कुपे उडत होते हो, खोटं नाही सांगत, दोन-तीन किलोचे, एक माझ्या पाठीत बसला, अजून निळं आहे. रक्त, खवले, फवारे, माणसं ओरडतायत, फळीवर कुपा शेपटी आपटतोय तो आवाज पत्र्यावर गारा पडाव्या तसा. आणि मग थांबलं. जसं सुरू झालं तसं एका सेकंदात. थवा खाली गेला. सगळे जिथे होते तिथे खाली बसले आणि कोणीतरी बिडी पेटवली.

बाबा मामांच्या जवळ उभे होते. मामांनी काही न विचारता काठी त्यांच्या हातात दिली. पुढच्या थव्याला बाबा ओळीत उभे राहिले, सगळ्यात टोकाला. पहिले दोन गेले. तिसरा आला पण मागे न जाता शेजारच्याच्या खांद्यावर, तो शिवी देऊन हसला (शिवी कुठल्याही भाषेत कळते). मग जमलं. मी मोजले, सात. मी मोजताना बोटीवरचा एक पोरगा पण माझ्याबरोबर मोजायला लागला, मी तीन तो तिने, मी पाच तो फहे, मी सात तो हते.

परत येताना बाबांनी मामांना वाट्याचं विचारलं. बोटीचा वाटा वेगळा, माणसांचा वेगळा, आमच्या रापणीसारखंच. मग आपल्याकडचं सांगायला लागले. पर्ससीनच्या मोठाल्या जाळ्यांचं, एलईडीचं, म्हणजे रात्री समुद्रात दिव्यांचा झगमगाट करून सगळं लहानमोठं गोळा करून नेणं, बंदी आहे कागदावर, तरी बाहेर रात्री दिवाळी असते. गाईडला भाषांतर करताना घाम फुटला. मामांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तेवढं सगळं घेतलं तर उद्या काय धरता? बाबा म्हणाले, "ताच तर."

नंतर खोलीवर आल्यावर पाठीला तेल लावून घेताना ते म्हणाले, "आमी दर्याक जाळा घालतो. हे आदी दर्याक खाव घालतत, मगे मागतत." मला वाटतं ते जरा जास्तच भारावले होते, इथले लोक पण संत नाहीत, चारा हल्ली कमी मिळतो ही तक्रार त्यांचीच होती आणि त्या चाऱ्यासाठी लगून रोज उपसतात ते पण बघितलं आम्ही. पण त्या रात्री मी वाद घातला नाही.

दिवस ५ : वास

सकाळभर पाठ धरलेली, दोघांची. पोहले थोडं, उथळ पाण्यात, कासव दिसलं. विरिंगिली म्हणून एक छोटं बेट समोर आहे, पूर्वी कुष्ठरोग्यांना तिथे नेऊन ठेवत, आता कोणी राहत नाही. गेलो नाही, लांबून बघितलं.

दुपारी काल पकडलेल्या कुप्याचं काय होतं ते बघायला गेलो. काही टूना कॅनिंग फॅक्टरीत जातो, ती १९६९ पासूनची आहे, पण खरी मजा घरांच्या मागच्या अंगणात. बायका कुपा सोलून, काटा काढून, लांब चार फाका करतात, मग समुद्राच्याच पाण्यात उकळतात, मग नारळाच्या सोडणांच्या धुरावर ठेवतात, मग ऊन. दिवसेंदिवस. शेवटी जे होतं ते म्हणजे लाकूड. खरंच लाकूड, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणटण वाजतात. हेच ते मस, बाकी लक्षद्वीपात मासमीन म्हणतात. फ्रिज नव्हते तेव्हा महिनोन् महिने टिकणारा मासा हाच, जहाजावरची शिदोरी हीच. मालदीवमधून हाच माल शेकडो वर्षं श्रीलंकेत जायचा, तिथे त्याला उंबलकडा म्हणतात आणि सांबोलात घालतात.

वासाचं सांगायलाच हवं. माझं लहानपण सुक्या बांगड्याच्या आणि सुकटीच्या वासात गेलंय, मला वाटायचं मला काही होणार नाही. त्या उकळीच्या टोपावर वाकले आणि मागे सरले. उकळलेलं पाणी पण टाकत नाहीत, आटवून आटवून त्याचा काळा घट्ट लेप करतात, भाताबरोबर बोटभर घेतात. बाबांनी चाटला आणि म्हणाले की तिरफळ घातलं असतं तर अजून बरं झालं असतं. एका बाईंनी आम्हाला मसचे चार तुकडे वर्तमानपत्रात बांधून दिले, पैसे घेईनात, शेवटी बाबांनी पिशवीतून आमच्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली काढून दिली. ती त्यांनी नेमकी कशासाठी आणली होती देव जाणे. बाईंनी वास घेतला, जिभेला लावला, डोळे मिटले आणि कोणालातरी हाक मारून बोलावलं. तिथे मग कोकमावर दहा मिनिटं चर्चा.

दिवस ६ : दीपस्तंभ, आणि वाट बघणं

बेटाच्या दक्षिण टोकाला दीपस्तंभ, १८८५ चा, इंग्रजांनी बांधलेला. सुएझ १८६९ ला उघडला आणि सगळी जहाजं ह्या चॅनेलांमधून जायला लागली, अंधारात हे सपाट बेट दिसायचं नाही, रीफवर चढायची. अजून पण एट आणि नाईन डिग्री चॅनेलमधून मोठी जहाजं जातातच. पायऱ्या मी मोजायला घेतल्या, शंभरनंतर श्वास पुरवावा म्हणून सोडल्या. बाबा खालीच थांबले. वरून मात्र अख्खं केळं एका नजरेत, एका बाजूला हिरवट शांत पाणी, दुसऱ्या बाजूला पांढरा फेस आणि पलीकडे गडद निळं. खाली बाबा ठिपक्याएवढे, दीपस्तंभाच्या सावलीत बसून रखवालदाराशी हातवारे करत गप्पा मारत होते.

जहाज संध्याकाळी यायचं होतं. नाही आलं. इथे जहाजाचं वेळापत्रक म्हणजे हवामान, इंजिन आणि नशीब. लोक धक्क्यावर सामान ठेवून घरी जेवायला गेले, परत आले, परत गेले. एका पेशंटला कोचीला न्यायचं होतं, त्याचा मुलगा सारखा फोन करत होता. ह्याच्यावर कोणी रागावलेलं दिसलं नाही पण ते सवयीने, बरं वाटतं म्हणून नव्हे. आम्हाला बेटाची शांतता आवडते, त्यांना बहुतेक जहाजाचा भोंगा. २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून इंटरनेट बरं चालतं, त्यामुळे जहाज नेमकं कुठे आहे ते पोरं मोबाईलवर बघून मोठ्यांना सांगत होती. रात्री साडेअकराला दिवा दिसला. मामा आले होते सोडायला, बाबा आणि ते बोलले नाहीत फारसं, भाषाच नव्हती आणि गाईड सामान चढवत होता. बोटीत पाय ठेवताना मामांनी त्यांच्या हातात एक गळ ठेवला, बिनकाट्याचा.

घरी

आईने वर्तमानपत्र सोडलं, तुकडा हातात घेतला, ओट्यावर आपटला. टण.

"ह्या लाकूड खयसून हाडलास गो?"

बाबा म्हणाले, "मस."

"मस काय?"

"मासोच तो. किसून बघ."

आईने विळीच्या खवणीवर थोडा किसला, कुरकुरत. मग ओलं खोबरं, सुकी मिरची, कांदा, आणि शेवटी तिच्या मनाने दोन कोकमं. चटणी भाकरीबरोबर खाल्ली आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला निघताना बॅगेत माझा वाटा शोधला तर चारातले तीन तुकडे तिच्या डब्यात गेले होते आणि चौथा काकाकडे पोचला होता. गळ बाबांनी पडवीत, बसतात तिथे वर, खिळ्याला टांगलाय.